पूररेषा : नगररचनेतील एका नियमाची चिकित्सा

ग्रंथाची चिकित्सा करणे ही आपल्याकडे रूढ गोष्ट आहे. शासकीय नियमाची चिकित्सा बहुधा न्यायालयात होते, आणि तीही त्या नियमाचा अर्थ कोणता एवढ्यापुरतीच. नियम ज्या कल्पनेवर उभा आहे ती कल्पना शास्त्राच्या कसोटीस उतरते की नाही, हा प्रश्न तेथे क्वचितच उपस्थित होतो. वस्तुतः तो विद्यापीठीय अभ्यासाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या नगररचनेत ‘पूररेषा’ ह्या नावाने रुळलेल्या कल्पनेचा ह्या दृष्टीने विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्याची घेतली आहेत. मुठेच्या काठी ही कल्पना जेवढ्या तपशिलाने वापरली गेली आणि जेवढ्या स्पष्टपणे उघडी पडली, तेवढी ती राज्यात अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. १९८९ मध्ये राज्याच्या पाटबंधारे विभागाने एका परिपत्रकाद्वारे नदीकाठच्या भूमीवर दोन रेषा कल्पिल्या. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीच्या प्रस्थापित पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, ह्यांपैकी जो अधिक असेल त्याचे पाणी जेथवर पोचेल ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोचेल ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा ह्यांमधील भूमी निषिद्ध, आणि निळ्या व लाल रेषांमधील भूमी नियंत्रित. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने हीच विभागणी स्वीकारली आणि तिला बांधकामाचे तपशील जोडले. निषिद्ध क्षेत्रात उद्याने, वाहनतळ, उघडी भाजीमंडई, स्मशानभूमी अशा उपयोगांना मुभा आहे. तेथील जुन्या अधिकृत मिळकतींचा पुनर्विकास पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीने होऊ शकतो. नियंत्रित क्षेत्रात नवे बांधकाम करता येते. अट एवढीच की ते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंचीवर असावे. भूखंडाचा काही भाग रेषेच्या आत गेला, तर त्या भागाचे चटई क्षेत्र उरलेल्या भागावर वापरण्याची सोयही नियमात आहे.

ह्या नियमाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तो नसता तर नदीकाठच्या जमिनीचा प्रश्न केवळ मालकी आणि किंमत ह्यांवर सुटला असता. नदीला स्वतःची अशी काही जागा असते ही गोष्ट ह्या परिपत्रकाने शासकीय भाषेत मान्य केली. लोकव्यवहाराला ती गोष्ट नवी नव्हती. आपल्या ग्रामव्यवस्थेत ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा आणि ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन असा भेद होता. नदीकाठी पुराने साचणाऱ्या गाळाची ‘मळई’ होती, पाणी ओसरल्यावर पेरावयाची ‘गाळपेर’ होती. ह्या शब्दांत एक विशेष आहे. ते जमिनीचे वर्णन तिच्यावर पाणी काय करते ह्यावरून करतात. तिच्या हद्दीवरून करीत नाहीत. (जुनी गावे बुडत नसत असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढू नये, ती बुडत असत, आणि कसब्यांचे घाट चढावर बांधण्यामागे तो अनुभव आहे.) ‘रेषा’ हा शब्द मात्र हद्दीचा शब्द आहे, मोजणीदाराच्या साखळीचा शब्द आहे. आणि माझ्या मते नियमाचा दोष ह्या शब्दात जेवढा आहे तेवढा त्याच्या अंमलबजावणीतही नाही.

त्याआधी एका सर्वपरिचित गैरसमजाचा निकाल लावणे इष्ट होईल. ‘२५ वर्षांतून एकदा’ ह्या शब्दप्रयोगाने ऐकणाऱ्याच्या मनात वेळापत्रकाची कल्पना उभी राहते : पूर नुकताच येऊन गेला, म्हणजे आता पाव शतक निश्चिंती. शास्त्रातील अर्थ निराळा आहे. कोणत्याही एका वर्षी तो पूर गाठला जाण्याची किंवा ओलांडला जाण्याची संभाव्यता शंभरात चार आहे, एवढेच ते विधान सांगते. गुंबेलने १९४१ मध्ये पुरांच्या पुनरावर्तन-कालाचे जे गणित मांडले त्याचा आशय हाच आहे, आणि पुढील वर्षी ते चार पुन्हा चारच राहतात. आता घराचे कर्ज ३० वर्षांचे असते असे धरा. त्या अवधीत निळ्या रेषेचा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ७१ निघते. लाल रेषेचा पूर येण्याची सुमारे २६. इमारतीचे आयुष्य ५० वर्षांचे धरले तर हेच आकडे ८७ आणि ४० च्या जवळ जातात. म्हणजे ज्याला आपण शतकातील पूर म्हणून दूर सारतो, तो पाहण्याची पाळी त्या इमारतीवर पाचांत दोन वेळा येणार. हे गणित पदव्युत्तर वर्गातील कोणीही विद्यार्थी पाच मिनिटांत करील. घर घेणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदांत मात्र ते असावे अशी तरतूद नियमात नाही.

हे गणितही एका गृहीतावर उभे आहे. मागील नोंदी ज्या निसर्गाच्या, तोच निसर्ग पुढेही राहील, हे ते गृहीत. सांगलीला आयर्विन पुलाजवळ २००५ मध्ये कृष्णेचे पाणी ५३ फुटांवर गेले, तेव्हा तो पूर अपवादात्मक मानला गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा २००५ ची पातळी ओलांडली गेली. सोळा वर्षांत तीनदा घडणाऱ्या गोष्टीस अपवाद म्हणता येत नाही. पाऊस बदलला, धरणांचे परिचालन बदलले की खोऱ्यातील भूमीचा उपयोग बदलला, हा वाद येथे सोडून देतो. कोणतेही उत्तर स्वीकारले तरी पूर्वीच्या नोंदींवरून काढलेली रेषा तेथे आज लागू पडत नाही, हे उघड आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. पूररेषा ही भूमीवर सापडणारी वस्तू नाही. एक विशिष्ट विसर्ग घ्यावा, तो एका विशिष्ट वर्षी मोजलेल्या पात्राच्या काटछेदांमधून वाहवावा, काठ किती खडबडीत आहे, पूल किती आडवे येतात ह्यांविषयी काही गृहीते धरावीत, आणि मग पाणी किती चढते ते काढावे. ह्या सर्वांचे जे उत्तर येते ती पूररेषा होय. ती गणिताचे उत्तर आहे, आणि गणितातील एकही राशी बदलली की उत्तर बदलते. नियम मात्र ह्या उत्तरास हद्दीचा दगड समजतो. तेवढ्यावरही निभावले असते. पण ह्या हद्दीच्या आधाराने तो जी परवानगी देतो, तीच परवानगी गणितातील राशी बदलते. रेषा काढताना नियंत्रित क्षेत्र मोकळे धरलेले असते. रेषा निघाली म्हणून तेथे बांधकाम होते. बांधकाम झाले की ते क्षेत्र मोकळे राहत नाही, आणि ज्या पातळीहून ०.४५ मीटर उंच राहावयाचे ती पातळीच वर सरकते.

हे किती घडेल ह्याचा अंदाज येण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. नदीचे मुख्य पात्र २०० मीटर रुंद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून ३०० मीटर रुंदीची उथळ भूमी आहे आणि लाल रेषेच्या पुरात तिच्यावर सरासरी एक मीटर पाणी उभे राहते. ह्या भूमीपैकी निम्मी, म्हणजे १५० मीटर रुंदीची पट्टी, जोत्यांच्या भरावाने व्यापली गेली. पाण्याच्या काटछेदातून १५० चौरस मीटर क्षेत्र गेले. ते उरलेल्या ३५० मीटर रुंदीत सामावावयाचे, तर पातळी ०.४३ मीटरने चढली पाहिजे. नियमाने सुरक्षिततेसाठी दिलेली उंची आहे ०.४५ मीटर. सर्वच भूमी भरून निघाली तर चढ दीड मीटरचा होतो. जलशास्त्राचा अभ्यासक येथे आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे : मुख्य पात्रातील पाणी काठावरच्या पाण्याहून वेगाने जाते, तेव्हा तोच विसर्ग वाहून नेण्यास एवढा चढ लागणार नाही. हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. काठावरचे पाणी संथ असते म्हणूनच ते काही तास थांबते, आणि त्या थांबण्यामुळे खालच्या वस्तीकडे जाणारे पुराचे शिखर बसके होते. भराव झाला की हा थांबा गेला. दुसरे असे की, चढ ०.४३ ऐवजी ०.२० मीटर निघाला तरी तो कोणीतरी काढावयास हवा होता. आपल्या नियमात तो काढण्याची जागाच नाही. प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्र येतो, प्रत्येकाला ना-हरकत स्वतंत्र मिळते. एका इमारतीने नदी किती चढेल ह्याचे उत्तर नेहमीच ‘नगण्य’ असे येणार. शंभर नगण्यांची बेरीज कोणत्याही मेजावर होत नाही.

०.४५ मीटर म्हणजे दीड फूट. जुन्या वाड्याच्या दोन पायऱ्या. काटछेद जुना असणे, पुलाच्या गाळ्यांत झाडेझुडपे अडकणे, पावसाचा अंदाज चुकणे, ह्या सर्व अनिश्चितता ह्या दोन पायऱ्यांत सामावाव्यात अशी अपेक्षा आहे. शिवाय ही उंची खांबांवर गाठावी की मातीच्या भरावाने गाठावी, ह्याविषयी त्या कलमात एक शब्दही नाही. खांबांवरच्या इमारतीखालून पाणी जाऊ शकते, भरावावरच्या इमारतीखालून जात नाही. नदीच्या दृष्टीने ह्या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. नियमाच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत, कारण तो घरात पाणी शिरते काय एवढेच पाहतो. घर कोरडे राहून रस्ता, रोहित्र, पाण्याचा पंप आणि उद्वाहक बुडाले तर तिसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध रुग्णाने काय करावे, ह्याचा विचार जोत्याच्या उंचीत बसत नाही.

पुण्याकडे वळल्यावर हा विषय तात्त्विक राहत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही खचली. पुण्याच्या पुरविषयक स्मृतीचा तो आरंभ आहे. जुन्या पेठांत पाण्याच्या पातळीच्या खुणा अजून दाखविल्या जातात. परंतु अभ्यासकाने ह्या घटनेचा उपयोग जपून केला पाहिजे. तो पूर धरण फुटण्याचा होता, पावसाच्या वारंवारतेत त्याला स्थान नाही. तो पुराच्या पातळीविषयी पुष्कळ सांगतो, संभाव्यतेविषयी काहीच सांगत नाही. आणि ह्या स्मृतीने एक अपायही केला असे मला वाटते. पूर म्हणजे धरण फुटणे, अशी समजूत शहरात रुजली. धरणे धड आहेत तोवर नदीपासून भय नाही, हा तिचा दुसरा भाग. गिल्बर्ट व्हाइट ह्या अमेरिकन भूगोलज्ञाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखविले होते की, संरक्षक बांधकामांमुळे पूरमैदानात वस्ती वाढते आणि हानीची एकूण शक्यता कमी होण्याऐवजी पुष्कळदा वाढते. मुठेच्या काठी त्याचे प्रत्यंतर येण्यास फार वर्षे लागली नाहीत.

मुठेच्या रेषांविषयी बोलताना खडकवासल्यातून सोडलेला ६० हजार घनफूट विसर्ग निळ्या रेषेसाठी आणि १ लाख घनफूट विसर्ग लाल रेषेसाठी आधार म्हणून सांगितला जातो. (विसर्ग अर्थातच दर सेकंदाचा.) खडकवासला हे टेमघर, वरसगाव, पानशेत ह्या साखळीतील सर्वांत खालचे धरण. साखळीची एकूण साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे, तर एकट्या खडकवासल्याची दोन अब्जांहूनही कमी. म्हणजे वरून आलेले पाणी रोखून धरण्यास तेथे जागा नाही. ते पुढे सोडावेच लागते. आता २५ जुलै २०२४ चा दिवस घ्या. त्या वेळी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार घनफूट पाणी सोडण्यात आले आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी परिसरातील इमारतींचे तळमजले पाण्याखाली गेले. निळ्या रेषेचा आधार ६० हजारांचा. पाणी घरांत शिरले ३५ हजारांना. पाऊस त्या रात्री अपवादात्मक होता आणि धरणाखालील धायरी, नांदेड, शिवणे, वारजे ह्या परिसरांतील ओढ्यांचे पाणीही नदीत येत होते, असे उत्तर दिले जाईल. ते उत्तर खरे आहे, आणि तोच आक्षेपही आहे. धरणाखालील मुक्त पाणलोट जर हिशेबात असेल, तर धरणाच्या दारावर मोजलेला एकच आकडा सांगून रेषेचे वर्णन करता येणार नाही. आणि तो हिशेबात नसेल, तर ती रेषा नदीची नसून दरवाजाची आहे. पात्रातील भराव, राडारोडा आणि गाळ ह्यांनी किती चढ आणला आणि ओढ्यांनी किती, ह्या वाटणीविषयी मतभेद होऊ शकतील. त्याने निष्कर्षात फरक पडत नाही, कारण ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट म्हणजे रेषेच्या गणितातील बदललेली एक राशी आहे.

पात्रात भराव झाला ही गोष्ट केवळ खाजगी लोभाची कहाणी आहे असेही नाही. विठ्ठलवाडीपासून बाह्यवळण महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्याचा काही भाग नदीपात्रातून नेण्यात आला होता, आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला तो निळ्या रेषेबाहेर नेण्याविषयी व टाकलेला भराव काढण्याविषयी आदेश द्यावा लागला. मार्च २०२२ मध्ये पायाभरणी झालेल्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पात सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठांना आकार देण्याची योजना आहे. तिच्या गुणदोषांची चर्चा हा वेगळा विषय आहे. येथे एवढेच नोंदवितो की, पूररेषा हे गणिताचे उत्तर आहे ही गोष्ट नियमाने ओळखली नाही, पण काठ बांधणाऱ्यांनी ती उत्तम ओळखली आहे. काठ उंच केला की कागदावरची रेषा नदीकडे सरकते, आणि तिच्या मागे मोकळी झालेली जमीन विकासयोग्य ठरते. विसर्ग तोच राहिला आणि रुंदी कमी झाली तर खोली किंवा वेग वाढलाच पाहिजे. तो कोठे वाढतो आणि कोणाच्या दारी वाढतो, हे पाहिल्याशिवाय रेषा सरकली ह्याचा अर्थ धोका गेला असा करता येत नाही.

आतापर्यंतचे विवेचन नदीविषयी झाले. पुण्यातील अलीकडचा अधिक प्राणघातक पूर मात्र नदीचा नव्हताच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला लोंढा आला. अरण्येश्वर, सहकारनगर ते दांडेकर पुलापर्यंत भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली. त्या रात्रीच्या पावसाने शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हा ओढा पुण्याच्या इतिहासात अनोळखी नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत पर्वतीच्या पायथ्याशी त्याला बांध घालून तळे करण्यात आले आणि शहरातून जाणारा त्याचा प्रवाह पश्चिमेस वळविण्यात आला. तळे गेले, सारसबाग झाली. तळ्यातला गणपती हे नाव तेवढे राहिले. आणखी एक योग लक्षात घेण्यासारखा आहे. १९६१ च्या पूरग्रस्तांना ज्या वसाहतींत जागा देण्यात आल्या, त्यांपैकी सहकारनगर आणि पर्वती दर्शन ह्या आंबिल ओढ्याच्याच खोऱ्यात येतात. नदीपासून दूर नेले म्हणजे पाण्यापासून दूर नेले, असा तेव्हाचा समज असावा. तेव्हा तो चूकही नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला माळ होते, त्यांत पाणी मुरत होते.

ते माळ पुढे शहर झाले. पावसाचे पाणी किती वाहून जाते ह्याचे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले साधे सूत्र असे आहे की, विसर्ग हा अपवाह-गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्र ह्यांचा गुणाकार होय. गवताळ माळाचा गुणांक ०.३ धरला आणि छपरे व डांबरी रस्ते झाल्यावर तो ०.८ झाला, तर त्याच पावसाला अडीचपटीहून अधिक पाणी ओढ्यात येते. शिवाय ते लवकर येते. म्हणजे ओढ्याचा पूर हा निसर्गाने दिलेला आकडा उरत नाही, तो विकास आराखड्यातील रंगांवर अवलंबून असतो. कात्रजच्या बाजूस निवासी विभाग वाढविणाऱ्याने दांडेकर पुलाखालचा पूरही वाढविला असतो. मग त्याला हे ठाऊक असो वा नसो. तरीही निळ्या-लाल रेषांचे सारे विवेचन नद्यांपुरते राहिले. ओढ्यासाठी काठापासून काही मीटर अंतर सोडावे एवढा जुनाच नियम आहे, आणि त्या अंतराचा ओढ्यात येणाऱ्या पाण्याशी काही संबंध नाही. कात्रजच्या ओढ्यालाही तेवढेच अंतर, आणि उन्हाळ्यात शोधावा लागणाऱ्या नाल्यालाही तेवढेच.

पुरानंतर उपाय म्हणून ओढा रुंद करण्याचे ठरले. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळील झोपड्या पाडण्यास आरंभ झाला, आणि न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. येथे नियमाच्या भाषेतील एक भेद विशेष बोलका आहे. पाण्याच्या वाटेत आलेल्या झोपडीस ‘अतिक्रमण’ म्हणतात; पाण्याच्या वाटेत दीड फूट उंच जोत्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीस ‘विकास’ म्हणतात. पहिलीने पाणी अडते आणि दुसरीने अडत नाही, असे जलशास्त्र सांगत नाही. झोपडी हलविणे आवश्यक असेल; पण वरच्या अंगाने वाढवून दिलेल्या पाण्याची किंमत खालच्या अंगाच्या माणसाने घर देऊन चुकवावी, हा न्याय कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नाही आणि तरी तो नित्य अमलात येतो.

अन्यत्र ह्याच प्रश्नास काय उत्तरे दिली गेली ह्याचा थोडा विचार उपयुक्त होईल. अमेरिकेत १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू झाली. तिच्यात शंभर वर्षांच्या पुराच्या क्षेत्राचे दोन भाग करतात : प्रवाहमार्ग आणि त्याची किनार. किनार पूर्णपणे भरून निघेल असे आधीच गृहीत धरून, त्यानेही पुराची पातळी एक फुटाहून अधिक चढू नये, अशा बेताने प्रवाहमार्गाची रुंदी ठरवितात. एक फूट चढू देणे हीही एक सवलतच आहे आणि तिच्यावर तेथे टीका झालेली आहे. परंतु बेरीज आधी करून मग रेषा काढावयाची, ही पद्धत आपल्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे. इंग्लंडमध्ये २००६ पासूनच्या नियोजन-धोरणात प्रश्नांचा क्रमच बदलला. हे बांधकाम येथे किती उंचीवर करावे असे तेथे प्रथम विचारीत नाहीत. कमी धोक्याची दुसरी जागा उपलब्ध आहे काय असे विचारतात, आणि बांधकामामुळे इतरत्र पूर वाढणार नाही हे दाखवावयास सांगतात. तेथेही पूरमैदानात घरे बांधली जातच आहेत. नियमाचा प्रश्न बरोबर असला म्हणून उत्तर बरोबर येतेच असे नाही. पण आपल्या नियमात तो प्रश्नच नाही.

ह्यावर एक गंभीर आक्षेप येईल. पुण्यासारख्या शहरात राहण्याजोग्या जमिनीची टंचाई आहे. नियंत्रित क्षेत्रही वर्ज्य केले तर घरे आणखी महाग होतील, आणि त्याचा फटका गरिबांसच बसेल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु रेषेच्या आतील भागाचे चटई क्षेत्र बाहेरच्या भागावर वापरू देण्याच्या तरतुदीचा विचार केला, तर नियमाने मालकाची हानी होऊ नये ह्याची पुरती काळजी घेतल्याचे दिसते. नदीने ज्या जमिनीवर हक्क सांगितला, तिचे बाजारमूल्य मालकाला अन्यत्र मिळते. जी गोष्ट कोणालाच मिळत नाही ती म्हणजे त्या जमिनीवरून जाणाऱ्या पाण्याची माहिती. घर घेणारा नकाशावर आपली इमारत रेषेबाहेर आहे हे पाहतो आणि निश्चिंत होतो. ती रेषा कोणत्या विसर्गाची, कोणत्या वर्षी मोजलेल्या पात्राची, ओढ्यांचे पाणी धरून की सोडून, आणि तिच्या आत त्यानंतर किती भराव झाला, ह्यांपैकी काहीही त्या नकाशावर लिहिलेले नसते. स्वस्त घर आणि धोक्याचे घर ह्यांतील निवड त्याने जाणून केली असती, तर आक्षेपात बळ राहिले असते.

तेव्हा नियम रद्द करावा असे माझे म्हणणे नाही. रेषेऐवजी पातळी हा त्याचा पाया करावा. नदीच्या प्रत्येक टप्प्यावर पुराची पातळी किती, ती कोणत्या गृहीतांवर काढली, हे तारखेसह प्रसिद्ध व्हावे. नियंत्रित क्षेत्रातील प्रत्येक परवानगीसोबत तिने किती घनमीटर जागा व्यापली ह्याची नोंद एका खात्यात व्हावी. आणि ते खाते ठरलेल्या मर्यादेस पोचले की पातळी पुन्हा काढल्याशिवाय नवी परवानगी देऊ नये. आंबिल ओढ्यासारख्या प्रवाहांनाही हीच रीत लागू करावी, आणि त्यांच्या बाबतीत आजच्या पाणलोटाऐवजी आराखड्याप्रमाणे पूर्ण बांधला गेलेला पाणलोट धरावा.

ह्यांतील शेवटच्या गोष्टीसाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. विठ्ठलवाडीपासून लकडी पुलापर्यंत मुठेचे, आणि कात्रजपासून संगमापर्यंत आंबिल ओढ्याचे काटछेद एप्रिल-मे महिन्यांत, पाणी कमी असताना, विद्यार्थ्यांच्या तीन-चार तुकड्या सहज घेऊ शकतील. प्रत्येक पुलाच्या गाळ्याची मापे घ्यावीत, २०१९ आणि २०२४ च्या पुरांच्या भिंतींवरील खुणा रंग देऊन झाकल्या जाण्यापूर्वी त्यांची उंची नोंदवावी, आणि जेथे नवा भराव दिसतो तेथे त्याची लांबी-रुंदी मोजून ठेवावी. दोन उन्हाळ्यांचे हे काम आहे. त्यातून येणाऱ्या पातळ्या विकास आराखड्यातील रेषांशेजारी मांडता येतील.